अपडाउनचे गणित

सुरतेच्या दक्षिण भागात, म्हणजे उधना, पांडेसरा, बमरोली या वस्त्यांत, 'अपडाउन' हा शब्द ज्यास ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. रेल्वेच्या दप्तरात 'अप' आणि 'डाउन' ही गाड्यांच्या दिशांची नावे होत. परंतु गुजरातेत, आणि म्हणून येथील मराठी माणसाच्या बोलण्यातही, त्यांचा एक जोडशब्द होऊन बसला आहे. 'त्यांचे वापीला अपडाउन आहे' एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास अधिक काही सांगावे लागत नाही. पहाटे अंधारात घर सोडणे, खिशातला पास, पिशवीतला डबा, आणि मुले निजल्यावर परत येणे, हे सारे त्या एका शब्दात सामावते.

या प्रवासाविषयी उपदेश पुष्कळ होतो. हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काहींच्या आई, काहींचे थोरले भाऊ हा प्रवास आज करीत आहेत, आणि शाळा सोडल्यावर महाविद्यालयासाठी वा नोकरीसाठी तुम्हांपैकी कित्येकांना तो करावा लागेल. तेव्हा पाचवी-सहावीपासून आपण शिकत आलेल्या अंकगणिताचा थोडा उपयोग या विषयाकडे पाहण्यासाठी करू.

प्रथम थोडा इतिहास. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. आपल्या बाजूचा लोहमार्ग 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' या कंपनीने घातला. त्याचा पहिला तुकडा मुंबईकडून नव्हे, तर अंकलेश्वर ते तापीच्या पलीकडील उत्राण असा १८६० साली खुला झाला, आणि १८६४ साली ती वाट मुंबईपर्यंत पोहोचली. पुढे तीनच वर्षांनी, १८६७ च्या एप्रिलमध्ये, विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत सकाळी एक गाडी जाऊ लागली व सायंकाळी तीच परत येऊ लागली. ही गोष्ट लहान दिसते, परंतु तिच्यात आपल्या विषयाचे मूळ आहे. सकाळी जाणारी व सायंकाळी परतणारी गाडी ही यात्रेकरूंसाठी वा व्यापाऱ्याच्या मालासाठी नसते. ती ज्याचे घर एका गावी व काम दुसऱ्या गावी आहे अशा माणसासाठी असते. असा माणूस आगगाडीपूर्वी जवळजवळ नव्हताच, कारण पायी वा बैलगाडीने रोज जाऊन-येऊन काम करता येईल असे अंतर फार थोडे असे.

सुरतेपुरते बोलायचे तर 'फ्लाइंग रानी' या गाडीचे नाव सर्वांस परिचित आहे. १९०६ साली प्रथम सुरू झालेली, मध्यंतरी बंद पडलेली आणि १९५० पासून पुन्हा धावू लागलेली ही गाडी पहाटे सुरतेहून निघते आणि मुंबईचे काम आटोपलेल्यांस घेऊन रात्री उशिरा परतते. १९७९ साली तिला दुमजली डबे जोडण्यात आले. ते २०२३ साली काढले गेले. सुरत ते मुंबई सेंट्रल हे अंतर २६३ किलोमीटर आहे. इतक्या अंतराचा प्रवास रोज दोनदा करणे हे बहुतेकांच्या शक्तीबाहेरचे आहे, पण वाटेतल्या स्थानकांवर चढणारे-उतरणारे पासवाले या गाडीच्या आधाराने आपला संसार चालवीत आले आहेत.

उधना स्थानकाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. येथून जळगावकडे जाणारा तापीकाठचा फाटा फुटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग खुला झाला आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेशी जोडली गेली. आज बमरोली-पांडेसऱ्यात जी खानदेशी कुटुंबे राहतात त्यांच्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी वडीलधारे याच वाटेने प्रथम आले. त्यांनी मात्र अपडाउन केले नाही. नंदुरबार सुरतेपासून सुमारे १६० किलोमीटर आहे; रोज जाऊन-येऊन यंत्रमागावर पाळी करणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी घरच उचलून येथे आणले. दूरचा मनुष्य बिऱ्हाड हलवितो, आणि मधल्या अंतरावरचा मनुष्य बिऱ्हाड तेथेच ठेवून स्वतः रोज हलतो. अपडाउन हे या मधल्या अंतराचे दुखणे आहे.

हे मधले अंतर म्हणजे किती? सुरतेहून नवसारी सुमारे ३० किलोमीटर, वलसाड सुमारे ७०, वापी सुमारे ९५. उत्तरेस भरूच सुमारे ६० आणि बडोदे सुमारे १३० किलोमीटर. अंकलेश्वर, वापी येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने आहेत. तेथे काम मिळते, पण घर येथे असते. वापीला बिऱ्हाड का करीत नाहीत, असा प्रश्न कोणी सहज विचारील. भाडे, म्हातारे आईवडील, येथे घेतलेल्या घराचे हप्ते, अशी कारणे आहेतच. परंतु मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक कारण वारंवार असते, आणि ते म्हणजे मुलांची शाळा. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत, त्यापुढे शिकण्याचीही सोय आहे. दुसऱ्या गावी गेल्यास मुलांना चालू वर्षी भाषा बदलावी लागेल. तेव्हा मुलांची शाळा मोडू नये म्हणून वडील गाडी धरतात. या मासिकाच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवून पुढचा हिशेब वाचावा.

समजा, बमरोलीत राहणारे एक गृहस्थ वापीच्या कारखान्यात काम करतात. घरून उधना स्थानकावर पोहोचण्यास ३० मिनिटे, गाडी चुकू नये म्हणून आधी जाऊन थांबण्यास १५ मिनिटे, सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या मेमू गाडीत ९५ मिनिटे आणि वापी स्थानकापासून कारखान्यापर्यंत २५ मिनिटे धरू. बेरीज १६५ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास झाली. परतीस पाळी सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नाही, म्हणून थांबणे १५ ऐवजी ४० मिनिटांचे होते. ती बेरीज १९० मिनिटे होते. दोन्ही मिळून ३५५ मिनिटे, म्हणजे पाच मिनिटे कमी सहा तास.

महिन्यास २५ दिवस काम धरले तर सुमारे १५० तास होतात. चोवीसने भागा: महिन्याकाठी सहा पूर्ण दिवस व रात्री, आणि वर अर्धपाळीइतका वेळ. वर्षाचे पंच्याहत्तर दिवस! जो मनुष्य दहा वर्षे असे अपडाउन करतो, त्याची दोन वर्षांहून अधिक काळ अखंड रात्रंदिवस वाटेवर गेलेली असतात.

आता दिवस मांडू. चोवीस तासांतून सहा तास प्रवासाचे व सुट्टी धरून साडेआठ तास कामाचे वजा केले तर साडेनऊ उरतात. त्यांतून सात तास झोपेचे काढले की अडीच तास राहतात. स्नान, जेवण, बाजार, आजारी माणसाची विचारपूस, मुलांचा अभ्यास, देवपूजा, शेजाऱ्यांशी दोन शब्द, हे सर्व त्या अडीच तासांत बसवायचे. आणि पाळी बारा तासांची असेल तर? चोवीसातून बारा व सहा वजा जाता सहाच तास उरतात, आणि त्यांत पुरती झोपही मावत नाही. येथे मनोधैर्याचा वा सवयीचा प्रश्नच उरत नाही. बारा तासांची पाळी आणि सहा तासांचा प्रवास ही दोन्ही एका दिवसात बसत नाहीत. ज्या घरी असा बेत चालला असेल तेथे मुलांनी हा हिशेब कागदावर करून वडिलांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. ते रागावणार नाहीत.

परदेशांतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. चेझारे मार्केट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली असे प्रतिपादन केले, की साधने कितीही बदलली तरी मनुष्य सरासरीने दिवसाचा सुमारे एक तास जाण्या-येण्यात घालवितो; वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवीत नाही, तर अधिक दूर राहू लागतो. ब्रुनो फ्राय व अलोइस श्टुत्सर या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील लोकांची माहिती तपासली, तेव्हा त्यांना आढळले की दूरचा प्रवास करणाऱ्यांचे जीवनाविषयीचे समाधान जवळच्यांपेक्षा कमी असते. जास्त पगाराने वा स्वस्त घराने ती तूट पुरती भरून निघत नाही. मनुष्य नोकरी स्वीकारताना पगाराचा आकडा पाहतो, तो लगेच दिसतो. रोजच्या सहा तासांचा आकडा कोणी कागदावर लिहून देत नाही.

वरील ३५५ मिनिटांत एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. प्रत्यक्ष गाडीत जाणारा वेळ १९० मिनिटांचा, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक आहे. उरलेली १६५ मिनिटे गाडीबाहेरची आहेत. समजा गाडीचा वेग पाव हिश्श्याने वाढला, तर ९५ मिनिटांच्या जागी ७६ मिनिटे लागतील. दोन्ही वेळचे मिळून ३८ मिनिटे वाचतील. म्हणजे एकूण त्रासाचा सुमारे नववा भाग. रेल्वे वेगवान झाली की आपले दुःख संपेल असे जे समजले जाते, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. मुंबई-अहमदाबाद दरम्यान ५०८ किलोमीटरचा जो अतिवेगवान मार्ग उभारला जात आहे, त्याचे सुरतचे स्थानक शहराबाहेर अंत्रोली येथे आहे. बमरोलीहून तेथे पोहोचण्याचा वेळ तिकिटावर छापला जाणार नाही.

मग पासवाल्याच्या जिवाला खरा घोर कशाचा? आमच्या मते गाडीच्या वेगाचा नव्हे, तर दोन गाड्यांमधील अंतराचा. मुंबईच्या उपनगरात गर्दीच्या वेळी एक लोकल चुकली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते. चाकरमानी चुकचुकतो आणि उभा राहतो. आपल्या मार्गावर सोयीची गाडी चुकली तर पुढची तास-दीड तासाने असू शकते. तेवढ्यात हजेरीची वेळ निघून जाते, अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, आणि असे महिन्यात तीनदा झाले तर कामावरूनच काढले जाण्याची भीती असते. मुंबईकराची चुकलेली गाडी पाच मिनिटांच्या किमतीची असते. आपली अर्ध्या दिवसाच्या मजुरीची असते.

म्हणून लवकर निघावे, असा उपदेश लगेच केला जातो. तो करणाऱ्यांनी पुढील उदाहरण सोडवून पाहावे. कोणी एकाने दहा दिवस घरापासून स्थानकापर्यंत लागलेला वेळ मिनिटांत टिपला: २०, २२, २१, २४, २०, २३, २२, ३६, २१, २१. बेरीज २३०, सरासरी २३. आठव्या दिवशी रस्त्यात टेम्पो आडवा पडला, म्हणून ३६. हा गृहस्थ २५ मिनिटे आधी निघाला तर दहांतून नऊ दिवस त्याला गाडी मिळेल व एक दिवस चुकेल. महिन्याच्या २५ दिवसांत अडीच वेळा. पुढची गाडी दीड तासाने असेल तर महिन्यास २२५ मिनिटे वाया. आता कधीच चुकू नये म्हणून तो रोज ३६ मिनिटे आधी निघाला, तर सरासरीने रोज १३ मिनिटे फलाटावर उभा राहील. २५ दिवसांची ३२५ मिनिटे झाली! केवळ वेळ मोजला तर रोज लवकर निघणे हे अधिक महाग पडते. झोपेतून काढलेली ती मिनिटे असतात, हे वेगळेच. म्हणूनच शहाणी, कष्टाळू माणसे शेवटच्या क्षणी जिन्यावरून धावताना दिसतात. त्यांना आळशी म्हणू नये.

तोटा मजुरीत आहे. आणि त्याहून मोठा तोटा त्या धावण्यात आहे. त्याचाही थोडा अभ्यास करू.

स्थानकातून सुटणारी गाडी प्रथम अगदी हळू दिसते. समजा तिचा वेग दर सेकंदास ०.४ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. पाच सेकंदांनी वेग २ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या आसपास होईल. भरभर चालणाऱ्याइतका तो आहे, आणि गाडी जेमतेम ५ मीटर पुढे सरकलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, आता धरता येईल. दहाव्या सेकंदास वेग ४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १४ किलोमीटरहून अधिक होतो, आणि गाडी २० मीटर, म्हणजे जवळजवळ एका डब्याइतकी गेलेली असते. हातात डब्याची पिशवी घेऊन, गर्दीतून, चपला घालून त्या वेगाने धावणे सामान्य माणसास जमत नाही. निर्णय पाचव्या सेकंदास घेतला जातो आणि हात दांड्यास लागतो तो आठव्या-दहाव्या सेकंदास; मधल्या काळात गाडीचा वेग जवळजवळ दुप्पट झालेला असतो, हे डोळ्यास कळत नाही. दांडा धरताच हात गाडीच्या वेगाने ओढला जातो, पाय मात्र फलाटाच्या वेगाने मागे राहतात. जडत्वाचा नियम आपण नवव्या इयत्तेत पाठ करतो, तो हाच. पाय घसरला तर तो फलाट आणि पायरी यांमधील फटीत जातो. मेमू गाडीत चालक यंत्रे अनेक डब्यांत विभागलेली असल्यामुळे ती जुन्या इंजिनाच्या पॅसेंजरपेक्षा लवकर वेग घेते, हेही जुन्या सवयीच्या माणसांनी ध्यानात घ्यावे.

रूळ ओलांडण्याचा प्रकारही असाच. उधन्यावरून न थांबता जाणाऱ्या गाड्या आहेत. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदास ३० मीटरहून अधिक, आणि ताशी १३० म्हणजे ३६ मीटर. ४०० मीटरवर दिसणारी गाडी अकरा सेकंदांत आपल्यापाशी येते. सामान घेऊन, खडी तुडवीत, दोन मार्ग ओलांडण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो. शिवाय सरळ आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यास नीट अजमावता येत नाही. ती फक्त हळूहळू मोठी होताना दिसते, आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. वेगात असलेल्या गाडीस थांबण्यास किलोमीटरभर अंतर लागू शकते, तेव्हा चालकाने पाहिले तरी त्याच्या हाती शिट्टीवाचून काही नसते. कानांत गाण्याची बोंडे घातलेल्यास ती शिट्टीही ऐकू येत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२४ या एका वर्षात २,४०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील फार मोठा भाग रूळ ओलांडताना व गाडीतून पडून गेलेल्यांचा होता. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दारात लटकणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, हे वृत्त आपण सर्वांनी वाचले. पायरीवर उभे राहून प्रवास करणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार गुन्हा आहे. पण दंडाच्या भीतीने लटकणे थांबल्याचे कोणी पाहिलेले नाही, कारण लटकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दंडापेक्षा हजेरी मोठी असते.

म्हणून आमचे मत असे, की 'धावू नका' असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. चुकलेली गाडी स्वस्त झाली पाहिजे. ती चुकल्याने जे नुकसान होते ते कमी केले, तर धावण्याचे कारणच उरत नाही. हे कसे करता येते, याची काही उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. एका कारखान्यात दोन पाळ्यांच्या माणसांनी आपसांत ठरविले आहे, की ज्याची गाडी चुकेल त्याच्या जागी आधीच्या पाळीचा सोबती तासभर थांबेल, आणि तो तास दुसऱ्या दिवशी फेडला जाईल. शेठजींच्या दृष्टीने यंत्र बंद पडत नाही, एवढे पुरे आहे. दुसरे एक गृहस्थ आपल्या पासाच्या मागे तीन वेळा लिहून ठेवतात: नेहमीची गाडी, तिच्या पुढची गाडी, आणि दोन्ही गेल्यास महामार्गावरून मिळणारी एस.टी. एस.टी.च्या भाड्याइतके पैसे ते डब्याच्या पिशवीत वेगळे ठेवतात व त्यांना कधी हात लावीत नाहीत. चुकली तर काय करायचे हे ज्याने शांत डोक्याने आदल्या रात्री ठरविले आहे, तो फलाटावर उभा राहून जाणारी गाडी पाहू शकतो. आणि घरातल्यांनीही एक गोष्ट करावी. उशीर झाला म्हणून आल्या-आल्या जाब विचारू नये. परतीची गाडी धरतानाही तसेच धावले जाते, हे आपण विसरतो.

पासाविषयी थोडक्यात. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारणतः पंधरा एकेरी तिकिटांइतकी असते. महिन्यात पन्नास फेऱ्या करणारा म्हणून पस्तीस फेऱ्यांचे पैसे वाचवितो, म्हणजे शेकडा सत्तर. त्रैमासिक पास तीन मासिक पासांपेक्षा आणखी स्वस्त पडतो. पास सामान्यतः १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. मुंबई-पुणे या १९२ किलोमीटरच्या मार्गासारखे काही अपवाद आहेत. बारावीपर्यंतच्या मुलांस व पदवीपर्यंतच्या मुलींस घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची तरतूद आहे. संस्थेचे प्रमाणपत्र नेल्यास मिळतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. मात्र पास हा प्रवासाचा हक्क आहे, बसण्याच्या जागेचा नव्हे. रुमाल टाकून चार जागा अडविणारी टोळकी प्रत्येक डब्यात असतात. त्यांच्यात आपली ओळख असली की आपणास त्यात काही गैर वाटत नाही.

गाडीतल्या वेळाचा सदुपयोग करावा, हाही नेहमीचा उपदेश. तो खिडकीशी बसलेल्या माणसाने दिलेला असतो. एका पायावर उभे राहून, दोन्ही हातांनी कडी धरून पुस्तक वाचता येत नाही. तरी जे विद्यार्थी नवसारीस वा वलसाडला शिकावयास जातील त्यांनी अभ्यासाचे दोन भाग करावे. कविता, सूत्रे, व्याख्या, इतिहासातील सनावळी ही उभ्याने मनात घोळविता येतात; गणित व भूमिती येत नाहीत, ती घरासाठी ठेवावी. पाठांतरास ठिकाणांच्या खुणा फार उपयोगी पडतात. या मार्गावर नद्या पुष्कळ आहेत: मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार. पूल आला की डब्याचा आवाज बदलतो, डोळे मिटलेले असले तरी जुन्या पासवाल्यास कोणती नदी आली ते कळते. एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत एक प्रकरण, असा नेम केल्यास घड्याळ पाहावे लागत नाही. आणि ज्याची रात्रीची झोप सहा तासांहून कमी झाली आहे, त्याने गाडीत वाचू नये, झोपावे. शेजारच्यास आपले स्थानक सांगून ठेवावे. या कामी पासवाले एकमेकांस कधी दगा देत नाहीत. मुंबईच्या लोकलगाड्यांत भजनी मंडळी टाळ-मृदंगासह गात जातात, तेही याच जातीचे सख्य आहे.

या प्रवासात गाडीत न बसणारी माणसेही असतात. साडेपाचच्या गाडीचा डबा साडेचारला भरावा लागतो. तो भरणारी आई वा बहीण चारला उठते. तिचे जागरण कोणत्याही पासावर नोंदलेले नसते. जी स्त्री स्वतःच परिचारिका, शिक्षिका वा कारकून म्हणून अपडाउन करते, तिला दोन्ही करावे लागते. परतीच्या वेळी बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात. पाहणाऱ्यास ते दृश्य मौजेचे वाटते. वर मांडलेल्या अडीच तासांतून स्वयंपाकाचा वेळ वजा करून पाहा, म्हणजे त्या मटारांचा अर्थ कळेल. ज्या घरी मुले आठवी-नववीत आहेत, तेथे रात्रीचे पीठ मळून ठेवणे, डबा धुऊन पालथा घालणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे ही कामे मुलांकडे सहज येऊ शकतात, मुलग्यांकडेही. चार वाजताच्या जागी साडेचारला उठता येणे ही महिन्याकाठी साडेबारा तासांची झोप आहे.

शेवटी एक गृहपाठ. चौकटीच्या वहीचे एक पान घ्या व घरातील पासधारकाची पंधरा दिवसांची नोंद करा. रकाने सहा: घर सोडण्याची वेळ, स्थानकावर पोहोचण्याची वेळ, गाडी सुटण्याची वेळ, कामावर पोहोचण्याची वेळ, काम सुटण्याची वेळ, घरी परतण्याची वेळ. वडिलांना रोज प्रश्न विचारून त्रास देण्यापेक्षा एक चिठ्ठी डब्याच्या पिशवीत ठेवावी. गाडीत बसून ते वेळा टिपतील. पंधराव्या दिवशी प्रत्येक रकान्यामधील फरकाची सरासरी काढा, आणि सरासरीशेजारी सर्वांत वाईट दिवसाचा आकडा तांबड्या शाईने लिहा. मग तो कागद जेवताना सर्वांसमोर ठेवून पाहा, कोणती पंधरा मिनिटे घरातूनच वाचविता येतील आणि गाडी चुकल्यास पुढची कोणती. पुढील सत्रात ज्यांचे कागद पूर्ण होतील त्यांनी ते गणिताच्या तासाला आणावेत. वर्गातील सर्व पासधारकांचा एकत्र आलेख आपण फळ्यावर काढू.